सोडली न्हाई, टाकली

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मांजर धरणं. सावेडीतल्या आमच्या गल्लीतल्या मांजरी पिंजऱ्यात धरायच्या, जनावरांच्या दवाखान्यात पिल्लं बंद व्हायचं ऑपरेशन करून आणायच्या आणि टाके वाळले की होत्या तिथंच सोडायच्या, हे खूळ बायकोचं. मी नुसता पिंजरा उचलणारा. त्या सकाळी ऑपरेशन झालेल्या भुरी मांजरीला दवाखान्यातून घरी आणलं. पिंजऱ्यावर जुनं लुगडं टाकत बायको म्हणाली, "अंधार केला की गप ऱ्हाती."

दुपारी छातीत कळ येऊन बायको गेली.

संध्याकाळी तिला पोचवून आलो तर पिंजरा मोकळा. शेजारी चहा घेऊन आला आणि म्हणाला, "काका, मांजरानं मयतावरून उडी मारली तर अशुभ, म्हणून पोत्यात घालून राहुरी रोडला उसात सोडून आलो. मारली नाही हां, पाप लागतं."

पिंजऱ्याला कडी होती. उडी मारणार कुठून? पोटाला ओले टाके असलेली मांजर कोल्ह्याकुत्र्यांपुढं टाकायची आणि वर पाप चुकवलं म्हणून सांगायचं. मला त्याची शिसारी आली. त्याचा चहा मी तसाच खाली ठेवला.

"सोडली न्हाई, टाकली," मी म्हणालो. "जिथनं आणली तिथं ठेवणं, त्याला सोडणं म्हणतात."

दुसऱ्या दिवशी उजाडताच पिंजरा उचलून मी त्याच्या दारात गेलो. "काढ स्कूटर. ऊस दाखव."

"काका, सुतक आहे तुम्हाला."

"मला हाय. मांजरीला न्हाई," म्हणालो आणि मागं बसलो.