थोरल्या जाऊबाईंचा हवापालट

विश्रांतीला घाबरणारं माणूस जगात मी एकच पाहिलं, ते म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. कुणी वाघाला घाबरतं, कुणी सासूला, कुणी विहिरीत डोकावायला. या बाई अंथरुणाला घाबरायच्या. लग्न होऊन मी शिरूरजवळच्या त्या शेतकरी घरात आले, तेव्हा कितीतरी महिने मी त्यांना आडवं झालेलं पाहिलंच नाही. सगळ्यांची निजानीज झाली की त्या भिंतीला पाठ टेकून बसायच्या, गुडघ्यावर हनुवटी ठेवायच्या आणि तशाच झोपायच्या, स्टेशनवर उशिराची गाडी धरायला बसलेल्या बाईसारख्या. ताप आला तर म्हणायच्या, "अंगात आयती ऊब हाय, जात्यावर बरं वाटंल," आणि खरंच दळायला बसायच्या. एकदा बैलानं पायावर पाय दिला, अंगठा टरारून फुगला. तर त्या पायाला काम नको म्हणून दुसऱ्या पायावर उभ्या राहून त्यांनी सगळ्यांच्या भाकरी थापल्या. मी एकदा धीर करून म्हटलं, "जाऊबाई, घटकाभर अंग टाका की." त्यावर त्या हसून म्हणाल्या, "अगं धाकटे, ह्या घरात बाई आडवी पडती ती दोनदाच. एकदा बाळंतपणात आन् एकदा तिरडीव. माझं पयलं काय झालं न्हाई, आन् दुसऱ्याची मला घाई न्हाई."

त्यांना मूलबाळ नव्हतं. चाळिशी आली तरी नव्हतं. घरात त्यावर कुणी उघड बोलत नसे; फक्त बारशाचं बोलावणं आलं की सासूबाई मला पुढं करायच्या आणि त्यांना म्हणायच्या, "तू ऱ्हा घरी, म्हशीचं कोण बघंल?" म्हैस बिचारी एरवी स्वतःचं स्वतः बघायची.

आता माझी ओळख करून द्यायला हवी, कारण या गोष्टीत सगळ्यात मोठी मूर्ख मीच आहे. मी दौंडची. बाप रेल्वेत गार्ड, घर रेल्वेच्या चाळीत, दारावरून मद्रास मेल जाणार. त्यामुळे जगात जे जे काही चाललंय ते आपल्या दारावरूनच जातं, अशी माझी पक्की समजूत. त्यातून व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी, पास. सासरी कुणी शिंकलं तरी मी "आमच्या दौंडला" म्हणून सुरुवात करायची. जाऊबाई एकदा म्हणाल्या, "तुमच्या दौंडला इंजनं लई, म्हणूनच तुला येवढी वाफ." तेव्हा मला राग आला होता. आज पटतं.

तर त्या वर्षी जाऊबाईंचं पोट वाढू लागलं आणि बाकीचं अंग उतरू लागलं. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरायच्या, म्हणून त्यांनी बांगड्यांना आतून दोरा गुंडाळला होता. मला ती नवी फॅशन वाटली. मीही माझ्या बांगड्यांना दोरा गुंडाळून दोन दिवस मिरवले! शिरूरच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि थोरल्या भावजींना, म्हणजे त्यांच्या मालकांना, बाहेर नेऊन सांगितलं की पोटात गाठ आहे, पुण्याला नेऊन कापून काढा. जाऊबाई म्हणाल्या, "कापायला मी काय कलिंगड हाय?" आणि कडबा कापायला निघून गेल्या. घरात खूप बोलाचाली झाली. शेवटी आमच्या गावचा एक आप्पा, ज्याची पोटदुखी केडगावच्या पलीकडे कालव्याकाठच्या एका निसर्गोपचाराच्या आरोग्यधामात बरी झाली होती, तो म्हणाला, तिथं न्या. औषध नाही, सुरी नाही, नुसती माती, पाणी आणि आराम. जाऊबाईंनी "सुरी न्हाई" एवढंच ऐकलं आणि हो म्हणाल्या. सोबतीला मी, कारण मला वाचता येत होतं आणि माहेर जवळ होतं.

हवापालट! मी चित्रात पाहिलं होतं: झाडाखाली वेताच्या खुर्च्या, गोऱ्या बाया, हातात सरबत. मी नवं फुलाफुलांचं व्हॉइलचं पातळ, पावडरचा डबा आणि सँडल घेतले. जाऊबाईंनी एक पोतं घेतलं. एस.टी.च्या टपावर ते चढवताना कंडक्टरनं विचारलं, "काय हाय मावशी, ज्वारी?"

"माती."

"माती? आन् तिकडं माती न्हाई व्हय?"

"हाय की. पर ती परक्याच्या रानातली. बाईमाणसानं परक्याची माती पोटाला लावावी व्हय?"

कंडक्टरनं पोतं टपावर ढकललं. आम्हाला पोचवायला निघालेले भावजी दुसरीकडे बघत उभे राहिले. मी पातळाच्या निऱ्या नीट करत या बाईशी आपलं काही नातं नाही असा चेहरा केला.

आरोग्यधामात वेताची खुर्ची एकही नव्हती. कौलारू खोल्या, कडुलिंब, कालव्याचं पाणी, आणि सकाळ-संध्याकाळ बिनमिठाचा उकडलेला दुधी. तिथले डॉक्टर म्हातारे, खादीची अर्धी चड्डी घालणारे, हळू बोलणारे. त्यांनी जाऊबाईंना तपासलं आणि भावजींना स्पष्ट सांगितलं, "हे मातीचं काम नाही. पुण्याला न्या, लवकर न्या." जाऊबाई म्हणाल्या, "ऱ्हाते की आठवडाभर. अंगात जरा ताकद येऊ द्या, मग बघू." डॉक्टरांनी नाइलाजानं मान हलवली, पोटावर हलकी मातीची पट्टी आणि पूर्ण आराम, एवढंच सांगितलं. भावजी गावी परतले.

पूर्ण आराम म्हणजे काय ते मग आरोग्यधामालाच कळलं. पहिल्या सकाळी जाऊबाईंनी अंगण झाडलं, दुसऱ्या सकाळी गोठ्याचा ताबा घेतला, आणि नंतर स्वयंपाकघरातल्या महाराजाला दुधीच्या साली कशा वाया घालवू नयेत यावर इतकं सुनावलं की तो दोन वेळा रडला. आमच्या शेजारच्या खोलीत शिरूरच्या बाजारातली बांगड्या भरणारी म्हातारी मण्यारीण होती, गुडघ्यांसाठी आलेली. तिला वाफेच्या पेटीत बसवायचे. लाकडी कपाटासारखी पेटी, आत माणूस, वरच्या भोकातून फक्त मुंडकं बाहेर. जाऊबाईंना वाफ बंद होती, म्हणून त्या पेटीच्या पायथ्याशी सूप घेऊन डाळ निवडत बसायच्या आणि मुंडक्याशी गप्पा मारायच्या.

"अगं, तू हितं बरी व्हायला आलीस का डाळ निवडायला?" मुंडकं विचारायचं.

"चाची, तुम्ही शिजा निवांत. शिजलात की सांगा, फोडणीची तयारी करते."

मुंडकं हसून हसून घामेजायचं, मग जाऊबाई उठून पदरानं त्याचा घाम पुसायच्या.

मातीच्या पट्टीची तऱ्हा आणखी वेगळी. तिथली रीत अशी की ओली माती कापडावर थापून पोटावर ठेवायची आणि नंतर टाकून द्यायची. जाऊबाई टाकू देत नसत. आपल्या रानातली माती परगावच्या उकिरड्यावर? तेव्हा तीच माती कापडात गुंडाळून ठेवायच्या, पाण्याचा हबका मारायच्या आणि पुन्हा पोटावर घ्यायच्या. तीही भिंतीला टेकून बसूनच. अशा एका सकाळी मी कापड उलगडलं, आणि मातीतून पांढरे पांढरे कोंब वर आलेले! बोटाच्या पेराएवढे, माना वाकवलेले.

आता यात नवल काय? रानात मटकी काढली होती, तिचे दाणे मातीत राहिले होते. ओल्या फडक्यात मटकी बांधली की मोड येतात, हे घराघरातल्या पोरीला कळतं. जाऊबाईंनी तर जन्मभर पायलीपायलीनं मोड आणले होते. पण त्याच जाऊबाई कोंबांकडे बघतच राहिल्या. मग मला जवळ बोलावलं, दार लोटायला लावलं आणि म्हणाल्या, "धाकटे, कुणाला सांगू नगंस. ही गाठ न्हाई."

"मग?"

त्यांनी पोटावर पदर ओढला. "चार महिने झालं, कावळा शिवला न्हाई मला. आन् काल रातीला आतून हाललं. गाठ काय लाथ मारती व्हय? माझ्या पोटाव धरलेली माती उगवली, बघ तूच. वांझेच्या पोटाव काय उगवंल का?"

मी काय करायला हवं होतं? डॉक्टरांना गाठायला हवं होतं. पण फायनलला आरोग्यशास्त्रात मी वर्गात पहिली ना! मी ताबडतोब विश्वास ठेवला, आणि कुणाला सांगायचं नव्हतं तरी चाचीला सांगितलं; तिच्याकडून ते डॉक्टरांपर्यंत गेलं. डॉक्टरांनी मला व्हरांड्यात थांबवून सांगितलं, "बाई, त्यांच्या पोटात मूल नाही. गाठ आहे आणि ती वाढतेय. त्या तुमचं ऐकतील, त्यांना पुण्याला जायला तयार करा." तर मी पदर सावरून म्हटलं, "डॉक्टरसाहेब, या बायकांच्या गोष्टी. तुम्ही पुरुष." त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला आणि भावजींना तार करायला माणूस पाठवला. मी खोलीत जाऊन माझ्या व्हॉइलच्या पातळाचा पदर कापला आणि टोपडं शिवायला घेतलं. त्या पातळाचा हवापालट तेवढाच झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कालव्यावरून धुणं घेऊन आले, तर जाऊबाई चटईवर चक्क आडव्या होत्या. पाय सरळ, हात पोटावर. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी ओलं धुणं तसंच ठेवून धावले. मण्यारीण चाचीला सांगितलं, महाराजाला सांगितलं. महाराज तर देवाला हात जोडून म्हणाला, आता आमटी निवांत होईल. मी डॉक्टरांच्या खोलीत शिरून मोठ्या अभिमानानं म्हटलं, "जाऊबाई विश्रांती घेतायत!"

डॉक्टर उठले आणि त्या वयात पळत सुटले.

जाऊबाईंचे ओठ काळेनिळे झाले होते. ओठ घट्ट मिटून त्या कळ सोसत होत्या. मला बघून म्हणाल्या, "सराप लागला धाकटे. सुखानं पडायला बी यीना मला."

भावजी संध्याकाळच्या आतच पोचले आणि केडगावहून आम्ही पुण्याची गाडी धरली. तिसऱ्या वर्गात गर्दी होती. माझ्यासमोर जे भावजी आपल्या बायकोबरोबर एका ओट्यावर कधी बसले नव्हते, त्यांनी तिचं डोकं चारचौघांत आपल्या मांडीवर घेतलं आणि पटक्याच्या शेमल्यानं वारा घालत राहिले.

"उठवा की मला. धाकटी बघती."

"बघू दे. गप पड."

यवत मागे गेल्यावर जाऊबाई हळूच म्हणाल्या, "अवं, तिथल्या डाक्टरास्नी सांगा, सुरी जरा जपून चालवा म्हणावं. आत नाजूक जीव हाय." भावजींनी माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यावरूनच त्यांना सगळं कळलं असावं. ते खिडकीबाहेर तोंड करून म्हणाले, "सांगतो."

इस्पितळात पोट उघडलं आणि शिवून टाकलं. गाठ सगळीकडे पसरली होती. काढण्यासारखं काही उरलं नव्हतं, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. भावजी जिन्यावर बसून राहिले. आत जायचं त्यांच्यानं होईना. म्हणून जाऊबाईंना शुद्ध आली तेव्हा जवळ मी एकटीच होते. ईथरचा वास येत होता. त्यांनी जड जिभेनं विचारलं, "काय झालं?"

मी म्हटलं, "झालं नीट."

"तसं न्हवं. काय झालं? पोरगं का पोरगी?"

आयुष्यात मी पुष्कळ शहाणपणा मिरवला, पण त्या क्षणी माझ्याजवळ फायनलचं काहीच उरलं नव्हतं. मी म्हटलं, "पोरगी, जाऊबाई."

"जगली?"

मी मान हलवली, नाही म्हणून. सगळंच खोटं बोलवेना.

त्यांनी पोटावरच्या पट्टीवरून हात फिरवला. मग विचारलं, "कुणावानी व्हती?"

"तुमच्यावानी. कपाळ मोठं."

"नाव ठिवायला पायजे गं. नाव ठिवल्याबिगर कशी पाठवायची?"

"नाव आत्यानं ठेवायचं असतं, जाऊबाई. आपल्याला नणंद कुठंय?"

"व्हय की," त्या म्हणाल्या, आणि चेहऱ्यावर काहीतरी हललं, हसू असावं. "मग ऱ्हाऊ दे तशीच, बिननावाची. नाव नसलं म्हंजी कुणी कामाला हाक मारणार न्हाई."

दोन दिवसांनी त्या गेल्या.

पुढं मला मुली झाल्या, आता नाती आहेत. उन्हाळ्यात सगळ्या येतात, पसरतात गालिचावर, वाचत पडतात. मला तहान लागते, मी एकीला हाक मारायला तोंड उघडते, आणि का कोण जाणे, तिचं नाव घेत नाही. मग मीच उठते आणि माठाकडे जाते. पोरी एकमेकींना सांगतात, "आजीचे गुडघे सुधारलेत बरं का आता." मी त्यांचा गैरसमज दूर करत नाही.