मोटेलमधल्या पाहुण्या

इथे अमेरिकेत इंडियन ग्रोसरीच्या फ्रीजमधल्या गजऱ्यांचा वास आला की मला आमच्या मराठी मंडळात केलेली माझी एक चूक आठवते. गणपतीच्या कार्यक्रमाला भारतातून आलेले गायक-वादक मी रिवाजाप्रमाणे सभासदांच्या घरी उतरवले आणि लावणी करणाऱ्या बाईंना मात्र हायवेजवळच्या मोटेलमध्ये. "त्यांना प्रायव्हसी मिळेल," असं मी कमिटीला म्हणालो, आणि सगळ्यांनी जरा जास्तच पटकन माना डोलावल्या. त्याच संध्याकाळी जेवताना मुलगी कॉलेजच्या पेपरबद्दल सांगत होती. विषय होता दोनशे वर्षांपूर्वीच्या, रीजन्सी काळातल्या लंडनच्या गणिका. "बाबा, मोठमोठे लॉर्ड थिएटरमध्ये या बायकांच्या खास बॉक्समध्ये जाऊन बसायचे, पण घरी चहाला बोलवायचं? नेव्हर." "काय दुटप्पी लोक," मी वरणभात कालवत म्हणालो. "आणि तुमच्या लावणीवाल्या मावशी कुठे राहिल्यात?" तिने सहज विचारलं. "मोटेलमध्ये. प्रायव्हसी मिळते," असं म्हणून मी कालवलेला भात पुन्हा कालवू लागलो. बायको उठली आणि वर जाऊन पलंगावरच्या चादरी बदलून आली. मग गाडीची किल्ली माझ्या ताटाशेजारी ठेवून जे म्हणाली, ते मला अजून पाठ आहे: "गेस्टरूम तयार आहे, त्यांना घेऊन ये. आणि ते प्रायव्हसीचं येताना गाडीत तूच त्यांना समजावून सांग."