हिंदी तो क्वचितच बोलतो

पक्षाच्या युवा शाखेचे बॅनर बांधता बांधता गुजरातेतल्या आमच्या गोडादऱ्यातला हा पोरगा यंदा नगरसेवक झाला. व्यासपीठावर तो धर्म-संस्कारांवर गुजरातीत बोलतो, आम्हा खानदेशी माणसांशी मात्र अहिराणीतच. हिंदी क्वचितच काढतो.

देवळाजवळ गाडी लावणाऱ्या अंडेवाल्यालाही तो रोज विचारायचा, "भाऊ, बरं शे ना?" एका सकाळी त्याच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "भाईसाब, कल से मत आना." दुसऱ्या दिवसापासून ती गाडी कुणालाच दिसली नाही.

काल त्याच्या भर सभेत मी त्यालाच विचारून बसलो, अंडेवाला कुठे गेला?

आज जिन्यात तो नेहमीसारखा माझ्या पाया पडला. मी त्याच्या अहिराणीची वाट बघत राहिलो.

"अंकलजी," तो हसत म्हणाला, "तबियत का खयाल रखिए."