तिच्या दारात टेकवलेली सायकल

अंगणात कोंबडीचं पीस पडलेलं दिसलं, की करडी गावच्या बाजारात आलेली ती बाई आठवते. तेव्हा मी कुष्ठरोगाची तपासणी करायचो. बाजाराच्या दिवशी शाळेमागच्या खोलीत बसायचो, म्हणजे येणाऱ्याला भाजीची पिशवी घेऊन गुपचूप येता यायचं. बाहेर सुकटीचा वास, आत स्पिरिटचा. तिने डोळे मिटले आणि मी दंडावरच्या फिक्या चट्ट्यावरून पीस फिरवलं. “फिरवा न भाऊ, कायची वाट पाहून राहिले?” ती म्हणाली. तिला काहीच जाणवलं नव्हतं. गोळ्या नेमाने घेतल्या तर बरं होतं, हे मी तिला शांतपणे समजावलं. जाताना ती हसली. “तुमी मानसासारखं बोलले. फक्त घरी येऊ नोका, सासूले ठाऊक नाही.” पुढच्या दोन बाजारांना ती आली नाही, तेव्हा मी तिच्या गावी गेलो आणि सायकल तिच्या दारात टेकवली. कुष्ठरोगाच्या दवाखान्याची ती हिरवी सायकल सारा मुलूख ओळखायचा. शेजारच्या बाया कुंपणाशी आल्या. सासूने विचारलं, “कोनाले पाहाले आले जी?” तेवढ्यात ती भाताची रोपं लावायचं सोडून चिखलाच्या हातांनी बांधावरून आली, सायकल पाहून थबकली. हळूच म्हणाली, “रोवना चालू होता भाऊ. येत्या बाजारी येतच होती मी.” त्या बाजारी ती आली नाही. तिला माहेरी धाडल्याचं कळलं; कुठलं माहेर, ते कोणी सांगेना. काळजीपोटी गेलो होतो, असंच मी आजवर घरात सांगत आलो. खरं म्हणजे महिन्याच्या बैठकीत साहेबांसमोर माझा एकही रुग्ण गैरहजर निघायला नको होता.