कानातले बोळे

त्या वर्षी थंडी अशी पडली होती, की उसाच्या फडावरचं धुकं सरळ दवाखान्याच्या वरांड्यात येऊन बसायचं आणि ऊन आल्याशिवाय हलायचं नाही. कडेगावच्या खालच्या अंगाला तो सरकारी दवाखाना. सांगलीला नर्स-सुईणीचं शिक्षण घेणाऱ्या पोरी खेड्यातलं काम शिकायला तिथं येऊन राहिल्या होत्या. सकाळचं पहिलं काम कापसाचे बोळे वळायचं. मांडीवर कापूस, बोटं गारठलेली, मधोमध पत्र्याचा डबा.

खंडागळे सिस्टर डब्यात डोकावल्या. "नदाफ, हे बोळे आहेत का लिंबं?"

"सिस्टर, आमच्यात हातच सढळ हाय. आमी गाद्या भरणारी माणसं."

"मग काय एकेका जखमेवर गादी घालणार आहेस?"

पोरी फिदीफिदी हसल्या. सगळ्यांत मोठ्यानं स्वतः दिलशादच हसली. वरांड्याच्या टोकाला झोपलेलं कुत्रं उठून दुसरीकडं गेलं.

दिलशाद मौला नदाफ, राहणार विटा. बाप खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव फिरायचा, लोकांच्या जुन्या गाद्या उसवायचा, दबलेला कापूस पिंजून मोकळा करून द्यायचा. सणासुदीच्या आधी घरीच काम चालायचं. दिवसभर पिंजणीच्या ताणलेल्या दोरीचं, तातीचं, टणंग-टणंग. त्यावर बोलायचं म्हणजे ओरडावंच लागायचं. तिची आई "मीठ दे गं" म्हणाली, तर पलीकडच्या आळीतलं कुणीतरी "देऊ का?" म्हणून विचारायचं. अशा घरात वाढलेल्या पोरीला कुजबुज कुठून येणार? सांगलीच्या वॉर्डात एकदा तिनं बाळंतिणींना हळूच "झोपा आता" म्हणून सांगितलं, तर झोपलेली सगळी पोरं उठून बसायची तेवढी बाकी राहिली.

त्यातून तिला सोंगं करायची हौस. खंडागळे सिस्टरनी 'सूतिका उन्माद' शिकवला होता. म्हणजे बाळंतपणानंतर एखादीचं डोकं फिरतं तो आजार. त्या दिवशी रात्रीच्या जेवणाआधी दिलशादनं केस सोडले, पदर फेकला आणि "माझं प्वार न्हाई ह्ये! माझं प्वार न्हाई ह्ये!" करत अशी काय सुटली, की स्वैपाकीणबाई उलथनं घेऊन धावत आली. तेव्हापासून पोरींनी तिचं नावच 'उन्माद' ठेवलं. तोंडी परीक्षेत तिनं घडाघडा सांगितलं, "बाई वरडती, पळती, कापडं फाडती, कुणाचं ऐकत न्हाई."

"आणि नुसती रडत असेल तर?" सिस्टरनी विचारलं.

"दोन-चार दिस रडती, आन् मग जेवायला मागती."

दोन्ही उत्तरं बरोबर होती. रडणारी आणि ओरडणारी, अशा दोन बाया पोरींना पाठ झाल्या. तिसरी गप्प बसणारी. तिला कुणी आजारी म्हणतच नव्हतं. तिला म्हणायचे 'गुणाची बाळंतीण'. टाक्यांची कुरकूर नाही, चहाचा हट्ट नाही, पडली ती पडली. शिकाऊ पोरींना अशी बाई मिळाली, की देव पावल्यासारखं वाटायचं.

मळ्यातल्या तानुबाईची सून सुला अशीच गुणाची. तिची आई लहानपणीच गेलेली, त्यामुळं पहिलटकरीण असून बाळंतपण सासरीच झालं. नवरा आकाराम मिल्ट्रीत, तिकडं लांब. पोरगा झालेला. सासूनं डिंकाचे लाडू केलेले. खोलीत शेगडी, ओव्याची धुरी. कशाची म्हणून कमी नव्हती.

बोळे वळून झाल्यावर दिलशाद आणि तिची जोडीदारीण अंबू त्या दिवशी तिथं गेल्या. अंबू अभ्यासू. तिनं पोराला झोळीत घालून काट्याला लटकवलं, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"दिलशाद, काटा मागल्या खेपेला हुता तितंच हाय."

"हलव जरा. गंजला असंल."

काटा गंजलेला नव्हता. पोरगंच सुकलं होतं. काट्यावरून उतरवलं तसं ते किरकिरायला लागलं, मग रडायला लागलं, मग लालबुंद होऊन बोंबलायला लागलं. बाजेवरची सुला भिंतीकडं तोंड करून पडलेली. मान फिरली नाही, हात हलला नाही.

"आवं वैनी, पोरगं रडतंय!" दिलशाद म्हणाली.

तानुबाई दारातनं हसली. "तिला कुटलं ऐकू येतंय, पोरी! कानात बोळे हायत न्हवं. कानात वारं गेलं तर जन्माचं दुखणं. सव्वा म्हैना काढायचे न्हाईत. मी उचलून लावते तवाच पाजती ती. लय गुणाची, पर ऐकायचीच बोंब." आणि ती म्हशीला पाणी दाखवायला गेली.

दिलशादला वाटलं, असंच असणार. मग तिनं आपल्या घरचा आवाज काढला. "सुलावैनीऽऽ!"

आढ्यावरची चिमणी उडाली. सुला भिंतीकडं बघतच म्हणाली, "हळू बोला की वो. भैरी न्हाई मी."

दिलशाद बाजेशी गेली. मग वाकून तिनं सुलाच्या डोक्याला बांधलेलं फडकं सैल केलं आणि एका कानातला बोळा चिमटीत धरला. कापसात जन्म गेलेला. बोटाला लागताच कळलं, हा नुसता पिंजलेला, फुललेला कापूस. ह्यानं वारं अडलं तर अडेल, पण पोराचं बोंबलणं अडणं शक्य नाही.

"म्हंजी तुला समदं ऐकाय येतंय?"

"येतंय की. पयल्यापासनं येतंय."

"मग उचलत का न्हाईस त्याला?"

सुलानं डोळे मिटले. मग म्हणाली, "दुसऱ्या कुणाचं तरी प्वार रडतंय, आसं वाटतंय. माजं न्हाईच. उटावं म्हंती, पर आंगात दगूड भरल्यागत हुतंय. बोळे हायत तवर बरं हाय, बाई. कुणी काय इचारत न्हाई. घाला तो परत."

दिलशादच्या तोंडून एवढंच निघालं, "आगं पर... तू वरडत का न्हाईस मग? वरडली असतीस तर मला लगीच कळलं असतं!"

सुलाच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. मग तो पुन्हा जाग्यावर आला. "सव्वा म्हैना सरला की बोळे निगतील. मग काय सांगू मी? आन् मग पाण्याला हिरीवर जावं लागंल. मला हिरीचं भ्या वाटतंय. पाण्याचं न्हाई. माझंच."

दिलशादनं बोळा परत कानात घातला, अगदी अलगद. अंबूला बाजेजवळ बसवलं, "हिला सोडून उठलीस तर बघ," म्हणून बजावलं, आणि चपला हातात घेऊन उसाच्या बांधानं दवाखान्याकडं पळाली.

"सिस्टर, उन्माद हाय! पर आवाज न्हाई त्याला!"

दुसऱ्या कुणी ऐकलं असतं तर हसलं असतं. खंडागळे सिस्टरांनी हातातलं काम टाकलं आणि तिच्याकडनं सुलाचं, हिरीचं तुटक तुटक ऐकून घेतलं. बाई मूळची फलटणकडची, मिरजेच्या वॉर्डात बरीच वर्षं काढलेली. "त्याला उन्माद नाही म्हणत, पोरी. खिन्नता म्हणतात. मन विझतं. तीही बाळंतपणानंतरच येते, आणि तीही आजारच असते. एका ओळीत सांगून मी पुढं गेले असेन, आणि तू त्या वेळी सोंगाची तयारी करत असशील. चल."

मळ्यातल्या अंगणात शिरताना सिस्टर थांबल्या. "हिरीचं नेमकं काय म्हणाली? हळू सांग. सासूला आत्ताच कळायला नको, बिचारी घाबरेल."

दिलशादनं मान खाली घातली, तोंडावर पदर धरला आणि आयुष्यातली सर्वांत हळू कुजबुज केली, "सिस्टर, ती म्हणली, ऐकू समदं येतंय, पर प्वार माझं वाटत न्हाई. आन् हिरीवर गेले तर माझंच मला भ्या वाटतंय."

गोठ्यात तानुबाईच्या हातातली बादली पडली. म्हशीनं मान वळवून बघितलं.

सिस्टरांनी कपाळाला हात लावला. तानुबाई तशीच ओल्या पायानं खोलीत गेली. सुनेसमोर उभी राहिली. तिला मोठं काय ते नंतर कळलं. आधी तिच्या डोक्यात वेगळंच आलं.

"तुला ऐकाय येत हुतं? समदं?"

सुलानं मान हलवली.

"धोंडुबाई आलती तवाबी?"

सुलानं पुन्हा हलवली.

"आगं बया बया बया!" तानुबाई मटकन खाली बसली. शेजारणीला ती याच खोलीत, याच बाजेच्या उशाशी बसून काय काय बोलली होती. म्हायारच्यांनी दिलेलं लुगडं पोत्यागत हाय. पोरगा तिच्यावर गेला तर नाक बसकं निघंल. आणि हिला काय आईपण जमायचं न्हाई. रोज बोलत होती, मोकळ्या आवाजात, बोळ्यांच्या भरवशावर.

"मी सहज बोलले गं. तोंडाला कुलूप न्हाई माज्या."

"लुगड्याचं खरंच हाय, आत्ती," सुला म्हणाली. "लय जाड हाय."

तानुबाई आधी हसली, मग पदरात तोंड घालून रडली, आणि मग सुनेचा पाय धरून तिथंच बसून राहिली. सिस्टरांनी तिला समजावलं. हे बाहेरचं न्हाई, हिचा गुन्हा न्हाई, वेड तर न्हाईच. दवा आहे, वेळ लागेल, आणि तोवर हिला एकटं ठेवायचं न्हाई. तानुबाईनं एकच विचारलं, "लोक काय म्हंतील?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "म्हणूंदेत. मी काय कमी म्हणलीया?"

दुपारी दवाखान्याची जीप सुलाला, पोराला आणि सासूला घेऊन सांगलीच्या मोठ्या दवाखान्याकडं गेली. आकारामला तार गेली.

संध्याकाळी सिस्टरांनी पोरी गोळा केल्या. "नदाफ, उन्मादाचं सोंग तुझं झकास आहे. आता गप्प बसलेलीचं करून दाखव."

दिलशाद भिंतीकडं तोंड करून पडली. पोरी आधी खिदळल्या. हिला गप्प बसलेलं आजवर कुणी बघितलं नव्हतं. "आता बोलंल बघ," "शिंक येईल हिला," असं चाललं होतं. दिलशाद हलली नाही. हळूहळू पोरींचं हसू कमी झालं, मग थांबलं. अंबूनं तर उठून तिचा खांदा धरला. "पुरं, उठ गं."

त्यानंतर वॉर्डात 'गुणाची बाळंतीण' म्हटलं, की या तुकडीतल्या पोरी चपापायच्या आणि तिच्या बाजेवर जाऊन बसायच्या.

पोरींचा मुक्काम हलायच्या सुमाराला सुला परत आली. चेहरा अजून ओढलेला, पण कान मोकळे. पोराला वजनाला आणलं होतं. काटा पुढं सरकला.

"सरकलाऽऽ!" दिलशाद ओरडली.

पोरगं दचकलं आणि बोंबलायला लागलं. तानुबाईनं हात पुढं केले, त्याच्या आधी सुलानं त्याला झोळीतनं काढून छातीशी धरलं. "ह्यांच्या आवाजानं उठला गं माझा सोन्या," ती पोराला म्हणाली. मग दिलशादला हळूच, "माझंच रडतंय, आसं वाटतंय आता. समद्या येळंला न्हाई. पर वाटतंय."

दिलशादला बोलायचं होतं. तिनं तोंड उघडलं, मिटलं आणि नुसती मान हलवली.

"नदाफ!" वरांड्यातनं हाक आली. "डबा रिकामा आहे. आणि लिंबं नको मला, बोळे पाहिजेत."

"आले, सिस्टर!" पलीकडच्या मळ्यापर्यंत आवाज गेला. दिलशाद मांडी घालून बसली, कापसाची गुंडाळी ओढली आणि चिमूटभर कापूस तळहातावर घेऊन वळायला लागली.