शिट्टीची गाडी

गाडीतून उतरल्यावर भोयरकाका कधी सरळ घरात गेले नाहीत. आधी गाडीभोवती एक चक्कर मारायचे, वाकून एकेका चाकाला तळहात लावायचे आणि तापलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवून आई थांबते तसे क्षणभर थांबायचे. वर्ध्याला पिपरी मेघेत आम्ही राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात मी हे गच्चीवरून पाहिलं आणि शेजार जरा चमत्कारिकच मिळाला असं ह्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी फाटकाशी गाठ पडली तेव्हा राहवेना. विचारूनच टाकलं, काका, चाकांना ताप येतो का हो?

"येते ना मॅडम," ते गंभीरपणे म्हणाले. "ब्रेक चिकटून राह्यला असला का चाक गरम लागते. म्हंजे इंजिन गाडीले समोर ओढून राह्यलं अन् ब्रेक मांगं. नवरा-बायकोच्या भांडणात सैपाक जळते, तसं या दोघाइच्या भांडणात डिझेल जळते."

वामनराव भोयर मूळचे रोहण्याचे, शेतकऱ्याच्या घरातले. आर्वीला त्यांनी उभं आयुष्य बी-बियाण्यांचं दुकान चालवलं, आणि सुमनकाकूंचं आजारपण सुरू झाल्यावर दवाखाना जवळ पडावा म्हणून ते दुकान भाड्यानं देऊन वर्ध्याला येऊन राहिले. एकुलता मुलगा बंगळुरूला. काका उंच, हडकुळे, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टायरची हवा बघायचं मीटर. गाडी टर्बो डिझेल, कधीकाळी पांढरी. मी पाहिली तेव्हा तिचा रंग जुन्या चिनीमातीच्या कपासारखा झाला होता.

त्या गाडीच्या अ‍ॅव्हरेजसाठी हा माणूस काय काय करी! टपावरचं कॅरियर काढून ठेवलं होतं, कारण ते वारा अडवतं. डिक्कीत स्टेपनी आणि जॅक सोडून टाचणीही ठेवू देत नसत. भर मे महिन्यात, वर्ध्याच्या उन्हात, एसी बंद. एअर फिल्टर इतक्यांदा झटकत की कॉलनीतल्या बायका सतरंज्या तितक्यांदा झटकत नसतील. समोरचा सिग्नल लाल दिसला की लांबूनच पाय काढून घेत आणि गाडी आपल्या पायानं चालत जावी तशी जाऊ देत. "ब्रेक मारला का डिझेल सांडलं समजा," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. घरी पोचल्यावरही इंजिन लगेच बंद करत नसत. "टर्बो म्हंजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा हाय, मॅडम. धावून आलेल्या माणसाले कोणी लगेच झोपवते का? दम खाऊ द्या त्याले." आणि मग दार उघडून ठेवून, स्टिअरिंगवर हात ठेवून, टर्बोचा दम खाऊन होईपर्यंत बसून राहत. कॉलनीनं त्यांचं नाव अ‍ॅव्हरेजकाका ठेवलं होतं. चिक्कू म्हणणारेही होते. मीसुद्धा मनात म्हणून घेतलं होतं.

मग एका संध्याकाळी मी सुमनकाकूंना पाहिलं. चांगली जरीकाठाची साडी नेसून, हातात कापडी पिशवी घेऊन त्या आपल्याच घराच्या फाटकाशी उभ्या होत्या आणि कडी उघडत नव्हती म्हणून रडकुंडीला आल्या होत्या. पिशवीत एक उशीचा अभ्रा आणि दोन कांदे. "मले घरी जाचं हाय व बाई," त्या मला म्हणाल्या. "अंधार पडून राह्यला. घरचे वाट पाहात असतीन." मी काही बोलणार तेवढ्यात काका किल्ली घेऊन बाहेर आले. "चला, सोडून देतो घरी," म्हणाले, त्यांना पुढच्या सीटवर बसवलं आणि आर्वी रोडला लागले. तासाभरानं गाडी परत त्याच फाटकाशी आली. काकू उतरल्या, घराकडे पाहून त्यांचा चेहरा खुलला. "आलं बाप्पा घर!" म्हणाल्या आणि आत जाऊन शांतपणे जेवल्या.

हे रोज होतं. दिवस मावळायला लागला की त्यांना ते घर परकं व्हायचं. समजावून उपयोग नव्हता, गोळ्यांनी त्या नुसत्या पेंगायच्या. त्यांना बरं वाटायचं ते एकाच उपायानं: गाडीत बसून घरापासून इतकं लांब जायचं की निघालो कुठून ते विसरायला व्हावं, आणि मग परत यायचं. दुकानाच्या भाड्यात औषधं भागवून महिन्याला एक टाकी डिझेल एवढंच काकांना झेपत होतं. त्या टाकीत महिन्याच्या सगळ्या संध्याकाळी बसवायच्या होत्या. "फेरी आखूड झाली का तिले समजते, मॅडम," ते एकदा मला म्हणाले. "घर ओळखूच येत नाई मंग. रात्रभर दाराशी उभी राह्यते." त्या दिवसानंतर आमच्या घरात त्यांना कुणी चिक्कू म्हटलं नाही.

मला गाडी काकांनीच शिकवली. ह्यांनी गाडी घेतली होती आणि मी तिला दुरून नमस्कार करत होते. काका संध्याकाळच्या फेरीला मला मागच्या सीटवर बसवू लागले, येताना रिकाम्या रस्त्यावर स्टिअरिंग माझ्या हातात देऊ लागले. शिकवण्याची तऱ्हा अशी की पायाखाली अंडं आहे असं समजून अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा. काकू शेजारी बसून कपाशीची, तुरीची शेतं बघत असत. गाडीनं जरा वेग धरला की इंजिनातून एक बारीक शिट्टी यायची आणि काकू लगेच ताठ बसून हसायच्या. ही शिट्टी आर्वीपासूनची. तेव्हा काका तालुका पालथा घालून घरी यायचे, तर वळणावरच ती ऐकू यायची आणि काकू चहाचं आधण ठेवायच्या. आज त्यांना सकाळचं जेवण आठवत नसे, पण शिट्टी आठवे.

मागच्या उन्हाळ्यात गाडी काळा धूर सोडू लागली. चढावर दम टाकी. अ‍ॅव्हरेज ढासळलं आणि काकांच्या तोंडचं पाणी पळालं. डिझेल फिल्टर बदलून झाला, काजळीनं भरलेला व्हॉल्व्ह रॉकेलनं धुऊन झाला. शेवटी एका रविवारी आम्ही गाडी जामला नेली. जामच्या चौकात हायवेच्या ट्रकांवर हात बसलेला गजानन मिस्त्री होता, टर्बोचं काम त्यालाच द्यायचं असा काकांचा हट्ट. गजाननानं बॉनेट उघडलं, मला रेस द्यायला लावली, कान लावून ऐकलं आणि हसला.

"काका, हा पाइप फाटला हाय. टर्बोतून इंजिनात हवा नेते तो. चीर जुनीच हाय, आता मोठी झाली. हवा इथूनच पळून राह्यली, म्हून शिट्टी वाजते. इतके वर्सं तुमी फुकटची शिट्टी ऐकून राह्यले अन् डिझेल जाळून राह्यले."

काकांनी कपाळावर हात मारून घेतला. नवा पाइप बसला. येताना गाडी अशी चालली की जणू कुणी तिच्या पाठीवरचं पोतं उतरवून घेतलं. धूर नाही, आवाज नाही. काका लहान पोरासारखे खूश झाले होते. "आता फेरी पुलगावापर्यंत नेतो का नाई पाहा," म्हणाले. वाटेत थांबून त्यांनी पेढे घेतले. त्या माणसाला विकतचं गोड घेताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

त्या संध्याकाळी काकू गाडीत बसल्या खऱ्या, पण गाडी आर्वी रोडला लागून वेग धरू लागली तशा त्या अस्वस्थ झाल्या. इकडे बघ, तिकडे बघ. "ही आपली गाडी नोहे," म्हणाल्या. काका म्हणाले, आपलीच आहे. "नाई. आपली गाडी शिट्टी मारते. तुमी मले कोठी घेऊन चालले?" आणि चालत्या गाडीचं दार त्यांनी उघडलं. मी मागून दंड धरला म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी त्या गाडीत पायच ठेवेनात. फाटकाशी उभं राहून शेजाऱ्यापाजाऱ्यांना हाका मारू लागल्या की हा माणूस मला पळवून नेतोय. काका बाजूला मान खाली घालून उभे असायचे. मला ते बघवत नसे.

आठवडा संपायच्या आत आम्ही पुन्हा जामला गेलो. काकांनी जुना पाइप परत मागितला तेव्हा गजानन हातातला पाना खाली ठेवून त्यांच्याकडे बघतच राहिला.

"लोकं शिट्टी बंद कराले येतात काका. तुमी चालू कराले आले? काऊन?"

"घरचीले पाह्यजे," काका म्हणाले.

गजाननानं पाना पुन्हा उचलला. भंगाराच्या ढिगातून पाइप शोधून काढला. चीर फार वाढली होती, ती त्यानं पट्टी आवळून अर्धी बंद केली, उरलेली तेवढी ठेवली, रेस देऊन देऊन काकांना ऐकवली. "जरा बारीक," काका म्हणत. "नाई, ते लय बारीक झालं." तंबोरा लावावा तशी त्या दोघांनी ती शिट्टी लावली. चांगला पाइप काकांनी तिथेच ठेवला. ज्या माणसानं चमचाभर डिझेलसाठी जीव टाकला, त्यानं पैसे देऊन घेतलेलं अ‍ॅव्हरेज आपल्या हातानं सोडून दिलं. मग टाकी पुरेना, तर काकांनी स्वतःसाठी गाडी वापरायची बंद केली. बाजार, दवाखाना, औषधं, सगळं सायकलवर. सत्तरी उलटलेला माणूस वर्ध्याच्या उन्हात सायकल हाणत यायचा आणि संध्याकाळी बायकोला गाडीतून फिरवायचा.

काकू पुन्हा गाडीत बसू लागल्या. पहिल्या दिवशी शिट्टी वाजली तशा त्या हसल्या आणि काकांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरले होते. मलाही वाटलं, जमलं. तेवढ्यात काकू त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "ड्रायव्हर भाऊ, आमच्याकडेही अशीच गाडी हाय. अशीच वाजते."

काकांनी आरशातली नजर काढून रस्त्याकडे वळवली. मग म्हणाले, "हो का बाई? कोण चालवते?"

"आमचे घरवाले. पण ते लय जोरात हाकतात. तुमी चांगली चालवता, हळू."

आर्वीत असताना काका खरंच गाडी उधळायचे. तेव्हा त्यांना कशाचं अ‍ॅव्हरेज! संथ चालवायला ते शिकले ते काकूंसाठीच, आणि त्या संथपणात काकूंना त्यांचा नवरा सापडेना. मला वाटतं हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं, कारण त्यांनी एकदम पाय दाबला. गाडी उसळली, शिट्टी किंचाळायला लागली, मागे काळा धूर, कडेच्या बाभळी सपासप मागे पडायला लागल्या. मी सीट घट्ट धरली. काका रस्त्याकडे न बघता काकूंच्या तोंडाकडे बघत होते.

"हळू ना भाऊ," काकू पदर तोंडाशी धरून म्हणाल्या. "मले भेव लागते."

काकांनी पाय काढला. गाडी हळूहळू मंदावली. "चुकलं बाई," ते म्हणाले. "आता नाई चालवणार जोरात."

त्यानंतर ते ड्रायव्हर भाऊच झाले. घरात काकू त्यांना ओळखत नसत, कधी दीर समजत, कधी नुसत्या घाबरत. पण संध्याकाळी ड्रायव्हर भाऊची वाट पाहत. काका त्यांना विचारत, तुमच्या घरवाल्याचं सांगा ना बाई, आणि काकू सांगत: भोळे आहेत, तापट आहेत, भरीत लय आवडते, चहात साखर जास्त लागते. काका "असं का?" म्हणत ऐकत. एकदा मी त्यांना म्हटलं, काका, हे तुम्हाला सोसतं कसं? "मॅडम, लगन झालं तवापासून तिनं माह्याजवळ माही तारीफ केली नोती," ते म्हणाले. "आता रोज करते." हसले, पण ते हसणं काही खरं नव्हतं, आणि मलाही हसता आलं नाही.

थंडीत एका सकाळी भोयरकाका गेले. चहा पिता पिता मान टाकली, एवढंच. मुलगा विमानानं आला. अंगणात माणसं जमली, तिरडी बांधली, तेव्हा काकू ओसरीवर बसून आल्यागेल्याला चहा घ्या म्हणत होत्या. कुणीतरी त्यांना हात धरून जवळ नेलं. त्यांनी चेहऱ्याकडे नीट पाहिलं, "कोणाचे हायेत हे? लय वाळले बाप्पा," म्हणाल्या आणि परत जाऊन बसल्या. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. इतकी वर्षं संसार केलेल्या माणसासाठी त्या घरात बायको रडली नाही, हे मला त्या दिवशी सगळ्यात जास्त लागलं.

दिवस मावळला तशा काकू पिशवी घेऊन फाटकाशी आल्या. मुलाला काही सुचेना. मी त्याच्याकडून किल्ली मागून घेतली, काकूंना पुढे बसवलं आणि आर्वी रोडला लागले. शिट्टी वाजली, पण काकू हसल्या नाहीत. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या.

"ड्रायव्हर भाऊ काऊन नाई आले आज?"

मला खोटं सुचलं नाही. "ते गेले, काकू."

"गेले? कोठी?"

"वारले. आज सकाळी."

काकूंनी डोक्यावरून पदर घेतला. आधी नुसते खांदे हलले, मग त्या मोठ्यानं, गळा काढून रडायला लागल्या, आपल्याकडे घरच्या माणसासाठीच बाई रडते तशा. मी गाडी कडेला घेऊन थांबवली.

"लय चांगला माणूस होता व," त्या रडता रडता म्हणत होत्या. "मले रोज घरी आणून सोडे."