लाल ब्लँकेटचा कोट

भिंगारला आमचे वडील लष्कराच्या मेसमध्ये लाकडी सामानाला पॉलिश मारायचे. एका सुट्टीच्या दिवशी त्यांचा डबा घेऊन मला आत जायला मिळालं, आणि जेवणाच्या खोलीत ते चित्र दिसलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं, कुणा गोऱ्या साहेबाच्या लेकराचं. वयाने माझ्याएवढंच. अंगात लाल कोट, कमरेला तलवार, आणि तोंडावर असा रुबाब की सगळी छावणी त्याच्या बापाची! बहुतेक होतीच म्हणा. मी ते वहीच्या मागच्या पानावर काढून घेतलं.

तेव्हा मी चौथीत होते, नव्वद-एक्क्याण्णव साल असेल. शाळेच्या गॅदरिंगला वेशभूषा स्पर्धा होती. मी बाईंना सांगितलं, मी सैनिक होणार.

"मुलींनी परी व्हावं, नर्स व्हावं, भाजीवाली व्हावं," बाई म्हणाल्या. "सैनिक मुलं होतात."

मी कसली ऐकते! रोज मधल्या सुट्टीत त्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहायचे. शेवटी त्या वैतागल्या. "लिहिते बाई तुझं नाव. पण हसं झालं, तर पुढे एकाही मुलीला सैनिक होऊ देणार नाही. सांगून ठेवते."

आई घरी शिवणकाम करायची. गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज, परकर, पोरींचे फ्रॉक. पुरुषाच्या कपड्याला तिने कधी हात लावला नव्हता. "मला न्हाई बया जमायचं कोटबिट," म्हणाली, आणि लगेच टेप घेऊन माझं माप काढायला लागली. वडिलांनी लष्कराच्या हॉस्पिटलच्या भंगारात निघालेलं लाल ब्लँकेट मिळवलं. बाजारातून पितळी बटणं आली, खांद्यांना दारावरच्या तोरणाचे सोनेरी गोंडे लागले. माझ्या चित्रात बटणांची नुसती एक रांग होती. बाकीचं आईने हाताच्या सवयीने शिवलं.

परीक्षक म्हणून एक निवृत्त सुभेदार आले होते. मी ताठ उभी राहून कडक सलाम ठोकला. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि त्यांची नजर बटणांवर थांबली.

"काय जवान, कोट उलटा शिवलाय की! आपली डावी बाजू वर येते. ही तर बायकांची शिवण झाली."

सगळं मैदान हसलं. बाईंनी कपाळाला हात लावला. मागच्या रांगेत आईने तोंडाला पदर लावला, मान खाली घातली, आणि माझं डोकंच फिरलं. माझ्या आईला हसता?

"उलटा न्हाई साहेब!" मी ओरडलेच. "मी पोरगी हाय. पोरीचा कोट असाच असतो."

हसणं थांबलं. सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. "मग शिंपी शहाणा हाय तुझा," म्हणाले आणि पुढे गेले.

पहिला नंबर एका पोरालाच मिळाला. पण पुढच्या वर्षी दोन मुली सैनिक झाल्या आणि बाईंनी निमूटपणे त्यांची नावं लिहून घेतली.

स्पर्धेच्या दिवशी मात्र घरी आल्या आल्या आई कात्री घेऊन बसली होती. "दे इकडं, उसवते. चुकलंच माझं."

"हात तर लावून बघ!" मी कोट ओढून घेतला.

पुढे मी पोलिसात भरती झाले. वर्दी घालून पहिल्यांदा घरी आले, तर आईने पगार विचारला नाही, नेमणूक कुठे तेही विचारलं नाही. चष्मा नाकावर सारून आधी बटणं बघितली. वर्दी पुरुषी शिवणीची होती, डावी बाजू वर.

"ही उलटी हाय," आई म्हणाली. "काढ, उसवते."